थीम पार्क हॉटेल : पाहुणचार आणि श्रेणी

थीम पार्कच्या आवारात किंवा त्याच्या कुंपणाला लागून उभारलेल्या, बहुधा पार्कच्याच मालकीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना मिळणारी वागणूक, सोयी आणि सवलती यांची दरानुसार केलेली विभागणी. साध्या हॉटेलात दर वाढला की खोली मोठी होते आणि दिमतीला माणसे वाढतात. थीम पार्क हॉटेलात याखेरीज आणखी एक गोष्ट दराला बांधलेली असते, ती म्हणजे हॉटेलबाहेर, प्रत्यक्ष पार्कमध्ये, पाहुण्याच्या वाट्याला येणारा वेळ. प्रस्तुत नोंद मुख्यतः फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या डिस्ने कंपनीच्या पार्क-संकुलाच्या आधारे केली आहे. श्रेणींची पद्धत तेथे सर्वांत बारकाईने घडली. इतरत्र बहुधा तिचे अनुकरण किंवा तिला दिलेले उत्तर आढळते.

डिस्नेच्या व्यवहारात ‘ग्राहक’ हा शब्द टाळतात. पैसे देऊन येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणा. नोकरवर्गाला ‘कास्ट मेंबर’ (नटसंचातील सभासद) म्हणतात. पाहुण्याच्या नजरेसमोरची जागा ती ‘ऑनस्टेज’ आणि आडची ती ‘बॅकस्टेज’. मराठीत पैसे मोजून राहणाऱ्यासाठी ‘उतारू’ असा नेमका शब्द होता, आणि पाहुण्याकडून पैसे घेणे हे तर अब्रह्मण्यम्. हॉटेलांच्या जाहिरातींनी हा भेद आपल्याकडेही पुसत आणला आहे.

उगम : पहिले थीम पार्क हॉटेल कोणते, याबद्दल एकवाक्यता नाही. सामान्यतः कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील डिस्नेलँड हॉटेलाला हा मान देतात. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. पार्क बांधण्यातच पैसा संपल्याने वॉल्ट डिस्ने यांनी हॉटेलचे काम तेल व दूरचित्रवाणी व्यवसायातील जॅक रॅदर यांच्याकडे सोपवले. हे हॉटेल ५ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाले असे बहुतेक संदर्भग्रंथ नोंदवतात. मात्र त्या दिवशी मोजक्याच खोल्या तयार होत्या आणि औपचारिक उद्घाटन १९५६ मध्ये झाले, त्यामुळे काही ठिकाणी तेच वर्ष दिलेले आढळते. वाद केवळ तारखेचा नाही. हे हॉटेल पार्कच्या कुंपणाबाहेर होते, मालकी परक्याची होती, आणि बांधणी त्या काळच्या कोणत्याही ऐसपैस मोटेलसारखी होती. १९६१ मध्ये मोनोरेल तेथवर नेल्यावर ते पार्कशी जोडले गेले; डिस्ने कंपनीच्या ताब्यात ते १९८८ मध्ये आले. ‘थीम’ या शब्दावर भर दिला तर हा मान फ्लोरिडातील १९७१ च्या दोन हॉटेलांकडे जातो, आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने तोच पक्ष अधिक सोयीचा आहे. कारण दर, खोली आणि पार्कमधील सोयी एकाच मालकाच्या हातात प्रथम तेथे आल्या.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्डबरोबरच ‘काँटेम्पररी’ आणि ‘पॉलिनेशियन व्हिलेज’ ही हॉटेले उघडली. ‘काँटेम्पररी’चा आराखडा वेल्टन बेकेट यांच्या संस्थेचा. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा पोलादी सांगाडा आधी उभा करायचा आणि काही मैलांवरच्या कारखान्यात न्हाणीघर व नळजोडणीसह पूर्ण तयार केलेल्या खोल्या क्रेनने उचलून त्यात बसवायच्या, अशी ही रचना होती. बांधकामात यूएस स्टील ही कंपनी भागीदार होती. या खोल्या नूतनीकरणासाठी कपाटाच्या खणासारख्या बाहेर ओढता याव्यात असा मूळ हेतू होता, पण इमारत खचून बसल्याने त्या अडकल्या, अशी कथा पर्यटक-साहित्यात वारंवार येते. दुसऱ्या मतानुसार कारखान्यातील जुळणीचा उद्देश केवळ वेळ वाचवणे हा होता, आणि नळ, वीज व वातानुकूलनाच्या जोडण्या झाल्यावर खोली बाहेर काढणे कधीच व्यवहार्य नव्हते. एकदा बसवलेली खोली पुढे प्रत्यक्ष बाहेर काढली गेली नाही, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या वादाला नोंदीत एवढी जागा देण्याचे कारण असे, की एकाच साच्यातून निघालेल्या खोल्यांमुळे भेद करायला जागा उरली ती खिडकीबाहेर. मनोऱ्यातली खोली महाग, बागेकडच्या बैठ्या पाखेतली स्वस्त. मनोऱ्यातही पार्ककडे तोंड असलेली अधिक महाग. मधल्या भव्य दालनातून मात्र मोनोरेल आरपार जाते. तेथील मेरी ब्लेअर यांचे सुमारे ९० फूट उंच भित्तिचित्र आणि त्यातली पाच पायांची बकरी स्वस्त हॉटेलात उतरलेल्यालाही पाहता येते.

श्रेणींची मांडणी : मायकेल आयस्नर १९८४ मध्ये कंपनीचे प्रमुख झाल्यावर हॉटेलांची संख्या झपाट्याने वाढली. १९८८ मध्ये ‘ग्रँड फ्लोरिडियन’ हे उंची आणि ‘कॅरिबियन बीच’ हे मध्यम दराचे हॉटेल एकाच वर्षी उघडले. ‘मॉडरेट’ श्रेणीचा आरंभ येथून धरतात. आवाराबाहेर, किसिमीच्या हमरस्त्यावरील मोटेलांत उतरणारा प्रवासी आत ओढण्यासाठी १९९४ मध्ये ‘ऑल-स्टार’ हॉटेलांनी ‘व्हॅल्यू’ श्रेणी आणली. ‘पॉप सेंच्युरी’ (२००३, २,८८० खोल्या) आणि ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’ (२०१२) ही त्याच श्रेणीतली. सर्वांत वर ‘डीलक्स’ आणि सुट्टी-मालकीच्या (टाइमशेअर) योजनेतील ‘डीलक्स व्हिला’.

स्वस्त आणि उंची यांतला फरक दारातच कळतो. ‘ऑल-स्टार’मध्ये खोलीचे दार चाळीसारख्या उघड्या सज्जात उघडते. पावसाळी दुपारी पाण्याचे शिंतोडे उंबऱ्यापर्यंत येतात आणि शेजाऱ्यांच्या पोरांची धावपळ थेट खिडकीशी ऐकू येते. ‘डीलक्स’मध्ये दारे गालिचा अंथरलेल्या बंद मार्गिकेत उघडतात. खोली ‘ऑल-स्टार’मध्ये सुमारे २६० चौ. फूट, तर ‘ग्रँड फ्लोरिडियन’मध्ये सुमारे ४४० चौ. फूट. स्वस्त हॉटेलात वाढप्यांचे भोजनगृह नसते. ताट हातात घेऊन रांगेत उभे राहण्याचे फूड कोर्ट असते. पोहण्याचा तलाव असतो, त्याला घसरगुंडी नसते. ही उणीव भरून काढायला तीन-चार मजली गिटार, बूट, यो-यो आणि बॉलिंगच्या पिना उभ्या केलेल्या असतात. वास्तुसमीक्षकांनी या सजावटीची बरीच थट्टा केली आहे. लहान मुले मात्र त्यापुढेच छायाचित्र काढून घेतात, ‘ग्रँड फ्लोरिडियन’च्या व्हिक्टोरियन जिन्यापुढे नव्हे. उंची हॉटेलांतही ‘क्लब लेव्हल’ म्हणून आणखी एक पायरी असते. तेथे राखीव मजला, दिवसभर मांडलेला अल्पोपहार आणि कामे करून देणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग असतो.

वर्तन : वागणुकीत मात्र श्रेणीभेद फारसा दिसत नाही, आणि हीच या पद्धतीची खरी विशेष बाब म्हणावी लागेल. १९५५ मध्ये व्हॅन फ्रान्स यांनी सुरू केलेल्या प्रशिक्षणातून पुढे ‘डिस्ने युनिव्हर्सिटी’ ही अंतर्गत शाळा आकारास आली. सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण आणि कार्यक्षमता ही चार सूत्रे तेथे याच क्रमाने शिकवली जात. २०२१ च्या सुमारास ‘समावेशकता’ हे पाचवे सूत्र जोडले गेले. दिशा दाखवताना एक बोट न रोखता दोन बोटे किंवा पूर्ण तळहात वापरणे, छातीवरच्या पट्टीवर फक्त पहिले नाव असणे, हे नियम स्वस्त व उंची दोन्हीकडे एकच. खोल्या साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतनही श्रेणीगणिक वेगळे ठरत नाही. ते अनेक कामगार संघटनांच्या संयुक्त कराराने ठरते. २०१८ च्या करारात ताशी किमान १५ डॉलर आणि २०२३ च्या करारात १८ डॉलर हे टप्पे ठरले. त्यामुळे ‘पॉप सेंच्युरी’तल्या पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला ससा ‘पॉलिनेशियन’मधल्या सशाहून कमी मायेने केलेला असतो, असे मानण्याचे कारण नाही.

संशयही सर्वांवर सारखाच. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगास येथे हॉटेलच्या खोलीतून झालेल्या गोळीबारानंतर त्याच वर्षअखेरीस दारावर अडकवायच्या ‘व्यत्यय नको’ या पाट्या जाऊन ‘खोलीत कोणी आहे’ अशा अर्थाच्या पाट्या आल्या, आणि दिवसातून एकदा कर्मचारी खोलीत डोकावतील असा नियम झाला. हजार डॉलर मोजणाऱ्यालाही त्यातून सूट मिळाली नाही.

या वर्तनाच्या अभ्यासात दोन धारा दिसतात. जोसेफ पाइन व जेम्स गिल्मोर यांनी १९९८ पासून मांडलेल्या ‘अनुभवाच्या अर्थव्यवस्थे’त पाहुणा हा रंगवलेल्या अनुभवाचा ग्राहक ठरतो. समाजशास्त्रज्ञ ॲलन ब्रायमन यांनी ‘डिस्नेकरणा’ची चार अंगे सांगितली : विषयाची सजावट, खरेदी-करमणुकीची सरमिसळ, चिन्हांकित वस्तूंची विक्री आणि भावनेचे सादरीकरण हेच काम असणारे श्रम. हसू हे नोकरीचा भाग म्हणून पुरवले जाते, ही कल्पना आर्ली हॉकशिल्ड यांच्या १९८३ मधील विमानसेविकांवरील अभ्यासातून येते. वर्तन सर्व श्रेणींत सारखे का, याचे उत्तर ब्रायमन यांच्या मांडणीतून अधिक समाधानकारक मिळते. हसू हा सजावटीचा भाग असेल, तर ते स्वस्त हॉटेलातून काढून घेता येत नाही. तसे केले तर सजावटच ढासळते.

वेळ आणि अंतर : भेद असतो तो येथे. मोनोरेलच्या मार्गावर पहिल्यापासून उंची हॉटेले होती. ‘ऑल-स्टार’ला केवळ बस. २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या ‘स्कायलायनर’ या हवाई पाळण्याने ‘पॉप सेंच्युरी’, ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’, ‘कॅरिबियन बीच’ आणि नवे ‘रिव्हिएरा’ एकाच जाळ्यात आणले. हा श्रेणी ओलांडणारा अपवाद, आणि त्या दोन स्वस्त हॉटेलांचे आकर्षण त्यामुळे वाढले.

२००५ पासून विमानतळावरून विनामूल्य बस असे. घरी टपालाने आलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या सामानाला बांधल्या, की बॅगा पट्ट्यावरून न उचलताच थेट खोलीत पोचत, मग खोली कोणत्याही दराची असो. ही सेवा २०२२ च्या आरंभी बंद झाली. पार्क इतरांआधी उघडणे किंवा उशिरापर्यंत खुले ठेवणे ही सवलतही सर्व श्रेणींना समान होती. ऑक्टोबर २०२१ पासून तिचे दोन तुकडे झाले. सकाळचा अर्धा तास सर्व हॉटेलवासीयांना आणि ठरावीक रात्रींचे दोन तास फक्त ‘डीलक्स’ श्रेणींना. पार्कचा वेळ श्रेणीनुसार उघडपणे वाटला गेला तो बहुधा येथे प्रथम. रात्रीच्या या तासांत प्रत्येक राइडच्या तोंडाशी कर्मचारी हातातल्या यंत्राने प्रत्येकाची मनगटपट्टी (तिकीट व हॉटेलची नोंद जोडलेली पट्टी) तपासतो. या सवलतीस पात्र नसलेल्याला तो अदबीनेच बाहेरची वाट दाखवतो. पार्कच्या फाटकावरील यंत्रातही पट्टी चालली तर हिरवा आणि अडचण आली तर निळा दिवा लागतो. लाल दिवा मुद्दाम ठेवलेला नाही.

वाहनतळाचे शुल्क हे याचे उलट उदाहरण. मार्च २०१८ पासून रात्रीच्या मुक्कामासाठी ‘व्हॅल्यू’त १३, ‘मॉडरेट’मध्ये १९ आणि ‘डीलक्स’मध्ये २४ डॉलर आकारू लागले. डांबर तेच, पट्टे तेच. महाग खोलीवाल्याने फक्त जास्त मोजायचे. नाराजीनंतर जानेवारी २०२३ मध्ये ते रद्द झाले.

शेजारच्या युनिव्हर्सल ऑरलँडोने हा भेद अधिक रोखठोक केला. ‘पोर्टोफिनो बे’ (१९९९), ‘हार्ड रॉक’ आणि ‘रॉयल पॅसिफिक’ या वरच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना तेथील दोन्ही जुन्या पार्कांत रांग टाळण्याचा ‘एक्सप्रेस’ पास दरातच मिळतो. ‘कबाना बे’ (२०१४) किंवा ‘एंडलेस समर’मधल्यांना तो मिळत नाही. चौघांच्या कुटुंबाने हा पास वेगळा घेतला तर खोलीच्या दरातील फरक बऱ्याचदा भरून निघतो. त्यामुळे महाग हॉटेल हाच काटकसरीचा पर्याय ठरण्याचा चमत्कारिक प्रकार येथे घडतो.

इतर देश : डिस्नेचे पॅरिसजवळील पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले तेव्हाच सहा हॉटेले तयार होती, ‘सांता फे’पासून ‘डिस्नेलँड हॉटेल’पर्यंत उतरंड लावून. युरोपीय माणूस न्याहारी घेत नाही अशी समजूत करून भोजनगृहे लहान बांधली गेली. ३५० आसनांच्या जागेत अडीच हजार न्याहाऱ्या वाढाव्या लागल्याचे त्या वेळचे वृत्तांत सांगतात. टोकियोत ‘मिराकोस्टा’ (२००१) हे डिस्नेसी पार्कच्या पोटातच आहे, तर स्वस्त ‘सेलिब्रेशन हॉटेल’ (२०१६) बसच्या अंतरावर. तेथे बक्षिशी देण्याची चाल नसल्याने सेवेचा दर्जा खिशाशी जोडला जाण्याचा एक मार्ग आपोआप बंद आहे.

पाहुण्याला थेट नटसंचात घेण्याचा प्रयोग फ्लोरिडात ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील अंतराळयानाच्या धर्तीच्या, १०० खोल्यांच्या हॉटेलाने केला. दोन रात्री, दोन माणसे, सुमारे ४,८०० डॉलर. खोलीला खरी खिडकी नाही, अंतराळाचा देखावा दाखवणारा पडदा. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेले हे हॉटेल सप्टेंबर २०२३ अखेर बंद झाले.

भारत : खोपोलीजवळील इमॅजिका हे पार्क २०१३ मध्ये आणि त्याला लागून असलेले नोव्होटेल २०१५ मध्ये सुरू झाले. हॉटेल एकच असल्याने श्रेणीभेद तेथे खोलीचा प्रकार आणि तिकिटासह मिळणारी योजना यांपुरता राहतो. हैदराबादजवळील रामोजी चित्रनगरीत मात्र अमेरिकी धर्तीची उतरंड स्पष्ट दिसते : उंची ‘सितारा’, त्याखालोखाल ‘तारा’, आणि शाळांच्या सहली व मोठ्या गटांना परवडेल असे, एका दालनात अनेक खाटांचे ‘सहारा’. ‘तारा’ आणि ‘सितारा’ या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच.