शातो मार्गो

शातो मार्गो ही फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातील, जिरोंद नदीमुखाच्या डाव्या तीरावरच्या मेदोक भागातील वाइन-जहागीर आणि तिथे होणारी तांबडी वाइन. बोर्दोच्या वाइनच्या 1855 मधल्या अधिकृत प्रतवारीत अव्वल श्रेणी मिळालेल्या चार जहागिरींपैकी ही एक. मार्गो गावातला तिचा खांबांचा वाडा वास्तुकार लुई कोंब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला.

एकूण जमीन सुमारे 262 हेक्टर. त्यातल्या 80 हेक्टरांच्या आसपास तांबड्या वाइनची द्राक्षे आहेत, हेक्टरी 10,000 वेल इतकी दाट. जमीन गोट्यांची, खडीची. पावसाचे पाणी तिच्यातून झटपट निचरते, मुळे खोल जातात आणि तापलेले गोटे द्राक्षाला ऊब देतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षजातीला हीच जमीन मानवते, म्हणून लागवडीत तिचा वाटा तीन चतुर्थांशांच्या घरात आहे. उरलेल्यात मुख्यतः मर्लो, थोडी कॅबर्ने फ्राँ आणि पेती व्हर्दो. कॅबर्ने कच्ची राहिली तर वाइनला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो. तोडणीच्या दिवसांत पाऊस लागला तर रस पातळ होतो आणि घड सडू लागतात.

घड हातानेच तोडतात. देठ काढून मळ्याच्या प्रत्येक तुकड्यातली द्राक्षे वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात. टाकीतले तापमान 30 अंशांच्या आसपास ठेवावे लागते. ते फार चढले तर यीस्ट मरते आणि साखर तशीच राहून वाइन बिघडते. वर तरंगणाऱ्या सालींवर खालचा रस पुन्हा पुन्हा सोडतात, त्यातून रंग आणि टॅनिन (सालीतला तुरट घटक) उतरते. साली साधारण तीन आठवडे रसात राहतात. पुढे वाइन 225 लिटरच्या नव्या ओक पिंपांत 18 ते 24 महिने मुरते. काही पिंपे जहागिरीच्याच पिंपकामशाळेत तयार होतात. मधूनमधून वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढून गाळ मागे ठेवतात. शेवटी अंड्याचा पांढरा बलक घालून ती निवळतात. बलक खरखरीत टॅनिन धरून तळाशी बसतो.

खरी कसोटी निवडीची. अलीकडच्या वर्षांत उत्पादनाचा जेमतेम तिसरा हिस्सा मुख्य वाइनमध्ये जातो. त्याखालच्या दर्जाची ‘पाव्हियाँ रूज’ म्हणून निघते. निवड आणि निगा ढिली पडली की काय होते, हेही इथे दिसले आहे. तेव्हाचे मालक जिनेस्ते घराण्याकडे पैसा उरला नाही तेव्हा 1960-70 च्या दशकांत या नावाला न शोभणाऱ्या वाइन निघाल्या. 1977 मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी जहागीर घेतली, निचऱ्याची कामे आणि नवी लागवड केली, वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचा सल्ला घेतला. 1978 ची वाइन लगेच नावाजली गेली. 1980 मध्ये मेंत्झेलोपुलोस वारले आणि सूत्रे मुलगी कोरीन यांच्याकडे आली. 1983 मध्ये पॉल पोंतालिए इथे रुजू झाले आणि 2016 पर्यंत इथेच राहिले; पुढे व्यवस्थापनही त्यांनीच पाहिले.

चांगल्या वर्षाची बाटली अनेक दशके टिकते, पण 12-14 अंशांत, आडवी आणि अंधारात ठेवली तरच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साध्या कपाटात ती लवकर खराब होते. पिताना 16-18 अंश योग्य. कोवळी वाइन दोन-तीन तास आधी चंबूत ओतून हवा लागू द्यावी. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करावी, संथपणे ओतावी आणि गाळ मानेपाशी आला की थांबावे. ओलसर पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बहुधा बुचाचा असतो. कितीही वेळ हवा दिली तरी तो जात नाही.