सीटवर बसून दोन्ही पावलं जमिनीला टेकायलाच हवीत का?

‘सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं सपाट टेकली, की सायकल आपल्या मापाची,’ असं वर्षानुवर्षं ऐकत आलोय. शिकताना ते बरोबरच असतं, तोल गेला की पाय पटकन टेकतो. म्हणूनच ते डोक्यात पक्कं बसतं.

पण चालवताना पाय पॅडलवर असतात, आणि पॅडल अगदी तळाला आलं तरी जमिनीपासून साधारण दहा सेंटिमीटर वरच राहतं. म्हणजे पावलं सपाट टेकतील इतकी सीट खाली घेतली, तर पॅडल मारताना गुडघा पुरेसा मोकळा होतच नाही. मिनिटाला 70 फेऱ्या धरा, तासाला झाल्या 4,200. सगळ्या वाकलेल्या गुडघ्यावर! मग वाटीभोवती दुखतं आणि बोल वयाला लागतो.

घरीच तपासा. नेहमीचे बूट घालून, भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. एक पॅडल तळाला आणून त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. आता चवडा ठेवा, गुडघ्यात हलका बाक राहील, साधारण 25 ते 35 अंशांचा. टाच पोहोचतच नसेल किंवा चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट जास्त वर गेलीय.

सीट एका वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा. सीटखालच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये.

आणि थांबताना? ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरायचं. दोन-चार दिवसांत सवय होते.