नरक्यातले औषध मेंदूत का पोहोचत नाही?

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत आक्रमक कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने गाठ काढली, तरी तिच्या पेशी आसपासच्या निरोगी भागात आधीच शिरलेल्या असतात आणि आजार बहुधा उलटतो. किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, हे २००५ साली सिद्ध झाले. प्रमाण उपचाराचा गाभा आजही तोच आहे. साहजिकच वनस्पतींमधील द्रव्यांकडे संशोधक आशेने पाहतात.

त्यांपैकी कॅम्प्टोथेसिनशी मराठी माणसाचे नाते आहे. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडापासून ते वेगळे केले. पुढे ते सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडले आणि त्यापायी या कुबट वासाच्या झाडाची बेसुमार तोड झाली. डीएनएची प्रत निघताना त्याचा पीळ सैल करावा लागतो, त्यासाठी एक विकर त्याचा एक धागा कापून पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला कापल्या जागीच जखडते, धागा तुटलेलाच राहतो आणि विभागणारी पेशी मरते.

मूळ द्रव्य फार विषारी ठरल्याने त्यात बदल करून इरिनोटेकान बनवले गेले आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते चांगले रुळले. मेंदूत मात्र त्याची डाळ शिजली नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि आत शिरलेले औषधही त्यांच्यातील प्रथिनांचे पंप परत रक्तात ढकलतात. त्यात या रुग्णांना फिट्स येतात, म्हणून पूर्वी त्यांना बहुधा फेनिटॉइन दिले जाई. ते यकृतातील विकरे इतकी वाढवते, की इरिनोटेकान लवकर निकामी होते आणि मात्रा वाढवावी लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार उलटलेले रुग्ण गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणाऱ्या बेव्हासिझुमॅब या एकट्या औषधावर मध्यकाने ९.२ महिने जगले, तर इरिनोटेकानची जोड मिळालेले ८.७ महिने.

हळदीतल्या कर्क्युमिनची अडचण याहून प्राथमिक आहे, कारण त्याचा बराचसा भाग आतडे आणि यकृतच निकामी करतात. जर्मनीत १३ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी चार दिवस, शरीरात सहज शोषले जाईल अशा खास रूपात ते दिले गेले. काढलेल्या गाठीत ते सापडले खरे, पण सरासरी मिलिग्रॅममागे ५६ पिकोग्रॅम, म्हणजे काचेच्या बशीत कर्कपेशी मारायला लागते त्याच्या कितीतरी खाली.