वरच्या मजल्यावरील वाय-फाय

राउटर तळमजल्यावर आणि वापरणारे वरच्या मजल्यावर, अशा घरांत वर पोहोचणारा वाय-फाय संकेत अनेकदा क्षीण असतो. इंटरनेट योजनेचा वेग वाढवून यात फरक पडत नाही. अडचण घराबाहेरून येणाऱ्या जोडणीची नसून घरातल्या रेडिओलहरींची असते.

मुख्य अडथळा स्लॅबचा. काँक्रीट आणि त्यातला ओलावा लहरी शोषून घेतो, आतल्या लोखंडी सळ्या त्या परतवतात. लाकडी तक्तपोशीतून त्या मानाने बऱ्याच लहरी पार होतात. स्लॅबच्या घरात संकेताचा मोठा भाग जिन्याच्या मोकळ्या जागेतून वर चढतो, म्हणूनच राउटरच्या थेट डोक्यावरच्या खोलीपेक्षा जिन्यालगतच्या खोलीत कधीकधी रेंज चांगली मिळते. याला अँटेनाही कारणीभूत असतो. उभ्या काडीसारखा अँटेना लहरी आडव्या दिशेने पसरवतो. टोकाच्या दिशेला, म्हणजे वर आणि खाली, त्या सर्वांत कमी जातात. बाहेरच्या अँटेनांपैकी एखादा आडवा करून पाहावा. हा उपाय फुकट आहे आणि तरीही क्वचितच केला जातो. राउटर टीव्हीमागून किंवा कपाटातून काढून उंचावर, जिन्याजवळ ठेवणे हाही त्याच जातीचा उपाय.

संकेताची ताकद डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) या एककात मोजतात आणि आकडे ऋण असतात. राउटरजवळ उणे ४० ते ५०, व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला साधारण उणे ६७. उणे ८० च्या खाली जोडणी भरवशाची राहत नाही. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल घट म्हणजे एक दशांश. फोनवरच्या रेघा मात्र प्रत्येक उत्पादक आपल्या हिशेबाने दाखवतो, त्यामुळे मोजमाप करायचे तर वाय-फाय मोजणाऱ्या ॲपमधला आकडा पाहावा.

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरी (लांबी सुमारे १२.५ सेंमी) भिंती आणि स्लॅब ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा बऱ्या पार करतात. पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात, १, ६ आणि ११, आणि त्यांवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळेच वावरतात. ‘जास्त पॉवरचा’ राउटर घेण्याचा मोह इथेच होतो. पण संवाद दुतर्फी असतो. राउटरचा आवाज वर पोहोचला तरी त्याहून कमी शक्तीच्या फोनचे उत्तर खाली पोहोचायला हवे. शिवाय प्रक्षेपणशक्तीवर कायद्याची मर्यादा असतेच.

रिपीटर (संकेत पकडून पुढे पाठवणारे यंत्र) स्वस्त असतो, पण बहुतेकदा तो चुकीच्या जागी बसवला जातो: रेंज नसलेल्या खोलीतच. जो संकेत तिथे नीट येतच नाही, तो रिपीटर पुढे काय पाठवणार? त्याची जागा वाटेत, जिन्याच्या माथ्यावर किंवा संकेत अजून बरा आहे अशा ठिकाणी. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. मेश संचात (मिळून एकच नेटवर्क चालवणारी अनेक यंत्रे) हे काम अधिक शिस्तीने होते आणि काही संचांत आपापसातल्या दळणवळणासाठी वेगळा रेडिओ असतो. मेशसाठी ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये आले खरे, पण उत्पादक सहसा आपापली पद्धत वापरतात. त्यामुळे दोन कंपन्यांची यंत्रे एकत्र चालतील असे गृहीत धरू नये.

खात्रीचा उपाय एकच: वरच्या मजल्यापर्यंत केबल नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलमधून आलेली जोडणी वाय-फायने पसरवणारे यंत्र) बसवणे. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते, आणि पीओई असेल तर वीजही त्याच केबलमधून जाते. जुना राउटर यासाठी वापरता येतो. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावे, नाहीतर आयपी पत्ते वाटणारी दोन यंत्रे एकाच घरात होतात. केबल ओढणे शक्यच नसेल तर टीव्हीसाठी आधीच टाकलेल्या कोॲक्सियल तारेवरून नेटवर्क नेणारे मोका अडॅप्टर चालतात. विजेच्या तारांवरून जाणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात, मात्र दोन मजले वेगळ्या फेजवर असतील तर त्यांची कामगिरी ढासळू शकते.

दोन्ही मजल्यांवर नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, चॅनेल वेगळे. तरीही काही फोन वर गेल्यावर खालच्या राउटरला चिकटून राहतात, कारण एका राउटरवरून दुसऱ्यावर कधी जायचे हे फोनच ठरवतो. खालच्या राउटरची शक्ती थोडी कमी केली की ही चिकाटी बरीच सुटते.