चढणीचे मासे आणि खाचरातलं तणनाशक

मृगाचे दोन-चार मोठे पाऊस झाले की कोकणात नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. आधी ओढा, मग पऱ्ह्या, मग थेट भाताची खाचरं. मळये, शेंगटी, खडस यांना अंडी घालायला उथळ पाणी हवं असतं. रात्री बत्त्या घेऊन त्यांच्यामागे निघणारी माणसं हा वेगळाच विषय. पण जे वाचतात त्यांची पिल्लं पाण्यात वाढत असतात, नेमकी तेव्हाच लावणी उरकते आणि पुढच्या तीन-चार दिवसांत खाचरात तणनाशक पडतं. बेणणीला, म्हणजे हाताने तण काढायला, माणूस मिळत नाही, मिळालाच तर मजुरी परवडत नाही. शेतकऱ्याला बोल लावून उपयोग नाही.

भातातलं जुनं आणि स्वस्त तणनाशक म्हणजे ब्युटाक्लोर. हेक्टरी दीड किलो मूळ रसायन, म्हणजे 15 लाख मिलिग्रॅम. खाचरात 5 सेंटिमीटर पाणी असेल, तर हेक्टरभरात 5 लाख लिटर होतं. म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅम. ट्राउट, कार्प अशा माशांवरच्या चाचण्यांत चार दिवसांत निम्मे मासे मारायला लिटरला साधारण अर्धा मिलिग्रॅम ब्युटाक्लोर पुरलं आहे. हा सुरुवातीचा, सगळं रसायन पाण्यातच राहिलं असं धरून केलेला हिशेब. प्रत्यक्षात बरंचसं चिखलाला चिकटतं आणि मात्रा उतरत जाते. तरी आकडा सहापट आहे, आणि पिल्लं सहसा मोठ्या माशांपेक्षा नाजूक असतात.

मासा मरतो कसा हे पाहायचं तर कल्ले उघडावे लागतात. तिथली पाती इतकी पातळ असतात की रक्त आणि पाणी यांच्यात जेमतेम एक-दोन पेशींचा पडदा असतो. विषारी पाण्यात या पेशी सुजतात, शेंबडासारखा चिकट थर येतो, शेजारची पाती एकमेकांना चिकटतात. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मरळ एरवीही वर येऊन हवा घेते. शेंगटीला ती सोय नाही.

बांधावरचं गवत जाळायला ग्लायफोसेट मारतात, त्याची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ते वनस्पतींतली जी रासायनिक वाट बंद करतं, ती प्राण्यांत नसतेच. म्हणून ‘माशांना काही होत नाही’ असं सांगितलं जातं. पण 1979 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत शुद्ध ग्लायफोसेटची ट्राउटसाठीची घातक (निम्मे मासे मारणारी) मात्रा लिटरला 140 मिलिग्रॅम निघाली, बाजारातल्या ‘राउंडअप’ या ग्लायफोसेटच्या तणनाशकाची 8.3 आणि त्यात मिसळलेल्या साबणवजा द्रव्याची फक्त 2. थेंब पानावर पसरावा म्हणून घातलेलं ते द्रव्य कल्ल्यांच्या पेशींवरही तसंच पसरतं. युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटसोबत ते वापरायला बंदी घातली. आपल्याकडे डब्यावर मूळ रसायनाचं नाव ठळक असतं. जोडीला काय आहे ते शेतकऱ्याला कळत नाही. वरून औषध पानाला चिकटावं म्हणून पंपात स्टिकर पडतो तो वेगळाच.

वाहत्या नदीत हे सगळं विरून जातं. ओढ्यातल्या डबक्यात नाही. पंपातल्या द्रावणात लिटरला साधारण 2 ग्रॅम ग्लायफोसेट असतं. उरलेलं लिटरभर द्रावण 200 लिटरच्या डबक्यात ओतलं की मात्रा लिटरला 10 मिलिग्रॅमवर जाते. त्यामुळे पंप ओढ्यात न धुता शेतातच धुणं हे बिनखर्चाचं काम आहे.

जपानमध्ये भातात तणनाशक टाकल्यावर सात दिवस खाचराचं पाणी बाहेर सोडत नाहीत. कोकणात जुलैच्या पावसात सात दिवस पाणी अडवणं अवघड, खाचरं बांधावरून वाहतात. पण दोन-तीन दिवसांची उघडीप बघून औषध टाकणं आणि तेवढा वेळ पाण्याची वाट बुजवून ठेवणं जमण्यासारखं आहे. तण मरायलाही औषध खाचरातच राहावं लागतं.