ऑली (स्केटबोर्डिंग)

ऑली म्हणजे हात न लावता स्केटबोर्डासकट हवेत उडी मारायची ट्रिक, किकफ्लिप (हवेत बोर्ड त्याच्या लांबीभोवती फिरवणं) वगैरे बहुतेक स्ट्रीट ट्रिक्सचा पाया हाच. फ्लोरिडाच्या ॲलन गेल्फंडने १९७० च्या दशकाच्या शेवटी स्केटपार्कमधल्या वळणदार भिंतींवर ती काढली, सपाट जमिनीवर आणली रॉडनी मलनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला.

नागपूरच्या फुटाळा तलावावर एखादा पोट्टा ऑली मारून राहिला असला की बघणाऱ्याला वाटतं बोर्ड बुटाला चिकटवलाय. चिकटवलेलं काही नसतं, वर फक्त खरखरीत ग्रिप टेप असते. मागच्या पायाने टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं वर वळलेलं टोक, खाली हाणली की ती जमिनीवर आपटते, जमीन तेवढाच धक्का उलट देते अन् बोर्ड उसळतो, गिल्लीच्या टोकावर दांडू हाणल्यावर गिल्ली उडते तसंच. पण तोवर पोट्ट्याने स्वतः उडी घेतलेली पाहिजे, वजन टेलवरच राहिलं तर बोर्ड उठणार कसा, नवशिके इथंच अडकतात.

नुसत्या पॉपने, म्हणजे टेलच्या या आपटीने, बोर्ड नाक वर करून उभा होतो. त्याला आडवा करायचं काम पुढच्या पायाचं. घोटा आत वळवून बुटाची बाहेरची कड टेपवर घासत नोजकडे, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, न्यायची, त्या घर्षणाने बोर्ड वर ओढला जातो, मग नोज पुढं ढकलली की मागची बाजूही वर येते. म्हणूनच स्केटबोर्ड खेळणाऱ्यांचा एक बूट करंगळीजवळ आधी फाटतो.

शरीराचा गुरुत्वमध्य ४० सेंमी वर न्यायला सुटताना सेकंदाला २.८ मीटर वेग लागतो अन् हवेत मिळतात जेमतेम ०.५७ सेकंद, सगळं त्यातच उरकायचं. बोर्डाची उंची मात्र गुडघे किती पोटाशी घेतले त्यावरही असते.

नागपूरच्या सिमेंट रोडला लोकं कितीही नावं ठेवू देत, पॉपसाठी ते झकास, कडक जमिनीत धक्का कमी जिरतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डांबर मऊ पडतं, तिथं टेल थप्प करून बसते. सिमेंटमधे वाईट ती जॉइंटची फट: ५०-५४ मिमीचं चाक अडकलं की बोर्ड थांबतो, माणूस जडत्वाने पुढंच जातो.

किकफ्लिपमधे नोजजवळच्या कडेला पायाने झटका देतात. लांबीच्या अक्षाभोवती बोर्डाचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, सगळ्यात कमी, त्यामुळे तो गर्रकन फिरतो.

उतरताना गुडघे वाकवायचे, थांबायला वेळ जास्त मिळाला की जोर कमी बसतो. पाय चाकांचा सांगाडा जोडणाऱ्या बोल्टांवर पडायला हवेत, मधोमध पडले तर वाकवणारा ताण तिथंच सगळ्यात जास्त येतो अन् सात थरांचा मेपलचा डेकही (बोर्डाची लाकडी फळी) कडकन मोडतो.