बेगमी (मराठवाडा)

बेगमी : पाऊस, बाजार किंवा राज्यव्यवस्था यांपैकी काहीही कोलमडले तरी घर निदान वर्षभर तगावे, यासाठी धान्य, वैरण, सरपण, बियाणे आणि पाणी यांची आधीच करून ठेवलेली तजवीज. शब्द सबंध महाराष्ट्रात चालतो आणि शहरांत तो बहुधा उन्हाळी पापड-कुरडयांपुरता उरला आहे. मराठवाड्यात त्याला अधिक वजन आहे, कारण सगळे कोलमडणे ही येथे कल्पना नसून बहुतेक घरांच्या आठवणीतील गोष्ट आहे.

बेगमीचा कणा म्हणजे रब्बीची ज्वारी. पाच माणसांच्या घराला दिवसाकाठी दोन किलो धरली, तर वर्षाला ७.३ क्विंटल ज्वारी लागते. पुढचे सालही पडले तर काय, या धास्तीने जाणती घरे त्याहून बरीच जास्त ठेवत. रोजच्या वापराची ज्वारी शेणाने सारवलेल्या कणगीत किंवा भिंतीत बांधून काढलेल्या बळदात कडुलिंबाचा पाला घालून राही, मोठा साठा पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे कोठार. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ते गावठाणाच्या पांढरीत (पांढऱ्या मातीत) किंवा मुरमात खोदत, आतून कडब्याचे अस्तर देत आणि तोंडावर फरशी टाकून वर चिखल लिंपत. कोंडलेल्या धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड मरते. माणूसही मरू शकतो. त्यामुळे फरशी काढल्यावर पेव बराच वेळ उघडे ठेवत, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडत. तो विझला तर कोणी उतरत नसे. पेवातल्या ज्वारीला उबट वास येतो आणि ती पेरल्यास नीट उगवत नाही, त्यामुळे बियाण्याची कणसे आधीच निवडून वेगळी राखत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार वर्तमानपत्रांत नित्य भेटतो. पेव पाहिलेला वार्ताहर मात्र क्वचितच भेटेल.

पेवाचा दुसरा गुण लपण्याचा. वरून जमीन सारवली की खाली काय आहे ते घरच्यालाच ठाऊक. निजामी राजवटीच्या अखेरीस धान्याची सक्तीची लेव्ही (सरकारी वसुली) होती आणि पाठोपाठ निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांची दहशत आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण येईपर्यंत अनेक कुटुंबे सरहद्दीपलीकडे निघून गेली होती. अशा वेळी कणगी उघडी पडते, पेव पडत नाही.

बेगमी ही मुळात जमीन असलेल्या घराची सोय होती, हे तिच्या गौरवात सहसा विसरले जाते. बलुतेदाराचा आणि मजुराचा वाटा खळ्यावर ठरे; खळेच रिकामे राहिले की त्यांच्या घरात साठवायला काही नसे. १९७२ च्या दुष्काळात याच माणसांनी सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडली, आयात केलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी हा वाटप होणारा पौष्टिक आहार खाल्ला. त्या कामांच्या अनुभवातून पुढे आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. ज्यांना स्वतःचे पेव नव्हते त्यांची ती सरकारी बेगमी म्हणता येईल.

साठ्याचे घरही घात करू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे (सपाट छपरे) झोपलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणारे बांधकाम हेच होते.

‘बहात्तरला पाणी होते, पण धान्य नव्हते, आता धान्य आहे, पण पाणी नाही’, असे जुनी माणसे सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा दुकानांत गव्हाची पोती होती. तेव्हापासून घराची तयारी म्हणजे आधी टाकी. माणशी रोज वीस लिटर धरले तरी हजार लिटरची टाकी पाच जणांना दहा दिवसच पुरते, आणि नंतर टँकरचीच वाट पाहावी लागते. ज्वारीसारखे पाणी दोन सालांचे ठेवता येत नाही.

सोयाबीन आणि कापूस वाढले तशी ज्वारी मागे पडली, तिच्याबरोबर कडब्याची वळई (रचलेली गंजी) गेली आणि शेतकरीही धान्य विकत घेऊ लागला. वाळवलेला हरभऱ्याचा पाला, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ), काळा मसाला आणि बाजेवर वाळणाऱ्या शेवया एवढे अजून टिकून आहे. पेवे बहुतेक बुजली आहेत. जुन्या वाड्याच्या जागी पाया खोदताना एखादे लागते, आणि मुरूम ठासून ते भरून घेतल्याशिवाय त्यावर बांधकाम चढवता येत नाही.